वय न सांगणारा धातू : जुन्या ॲल्युमिनियम नौकांची पारख

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्याला 'दहा हजार सरोवरांची भूमी' म्हणतात; तेथील मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवरही या सरोवरांचा उल्लेख छापलेला असतो. या राज्यात किंवा शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये एखादे जुने घर, सरोवराकाठची एखादी कुटी विकायला निघाली, की आवराआवरीत पुष्कळदा एक वस्तू सापडते : कोठारामागे गवतात पालथी पडलेली, राखाडी झालेली, बारा-चौदा फूट लांबीची ॲल्युमिनियमची नौका. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी मासेमारीसाठी वापरलेली आणि नातवाला नको असलेली. कागदपत्रे नाहीत. विकणारा सांगतो, "पन्नासच्या दशकातली असावी." घेणारा मान डोलावतो, आणि व्यवहार एका 'असावी'वर उरकतो.

या 'असावी'ची किंमत मात्र मोजावी लागते. नोंदणी कार्यालयाच्या अर्जात निर्माता, लांबी आणि बांधणीचे वर्ष यांचे रकाने असतात. तेथे अंदाजाने लिहिलेला आकडा पुढच्या खरेदीदाराच्या हाती 'सरकारी नोंद' म्हणून पडतो आणि मग त्या नोंदीवर शंका घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात दहा वर्षांच्या फरकाने भाव बदलतो, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नौका कोणत्या काळातील आणि कोणत्या नमुन्याची हे ठाऊक नसेल, तर तिला किती शक्तीचे इंजिन झेपेल, तिच्यात किती माणसे बसवावीत आणि उलटली तर ती तरंगत राहील की नाही, यांपैकी कशाचेही उत्तर खात्रीने देता येत नाही. वसंत ऋतूत नुकतेच बर्फ वितळलेल्या सरोवरात पडलेल्या माणसाला पोहता येत असले, तरी त्याच्या हाती फार वेळ नसतो.

पारख अवघड होते ती धातूच्या स्वभावामुळे. लाकूड कुजते, लोखंड गंजते; दोघेही आपले वय चेहऱ्यावर बाळगतात. ॲल्युमिनियमवर हवेचा स्पर्श होताच एक अतिशय पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच थर आतल्या धातूचे रक्षण करतो. परिणामी वीस वर्षांचा पत्रा आणि सत्तर वर्षांचा पत्रा शेजारी ठेवले, तरी डोळ्यांना फरक कळेलच असे नाही. आजीच्या लग्नातला डबा आणि सुनेने आणलेला डबा फडताळात एकत्र मिसळले, की कोणता कोणाचा हे सांगणे कठीण जाते, तसेच हे. म्हणून अशा नौकेचे वय धातूला विचारून उपयोग नसतो. त्या धातूवर माणसांनी जे ठोकले, कोरले, छापले आणि जोडले, त्याला विचारावे लागते.

विमाने संपली, नौका सुरू झाल्या

ॲल्युमिनियम स्वस्त झाले ते १८८६ नंतर, अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी विजेच्या साहाय्याने तो धातू वेगळा करण्याची रीत एकाच वर्षी, परस्परांपासून स्वतंत्रपणे शोधली तेव्हा. त्यापूर्वी तो इतका दुर्मिळ होता, की वॉशिंग्टन येथील स्मारकस्तंभाच्या टोकावर १८८४ साली मानाने बसवण्यात आला तो ॲल्युमिनियमचा तुकडा होता. स्वस्त होताच त्याची नौका करण्याचा मोह झाला नसता तरच नवल. १८९५ साली नॅथनिएल हेरेशॉफ यांनी 'डिफेंडर' ही शर्यतीची नौका बांधली. पाण्याखाली कांस्य, पाण्यावर ॲल्युमिनियम आणि आतील फासळ्या पोलादाच्या. 'डिफेंडर'ने त्या वर्षीचा अमेरिका चषक राखला. पण खाऱ्या पाण्यात भिन्न धातू एकमेकांना भिडले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो आणि दुबळा धातू झिजत जातो. येथे दुबळा होता ॲल्युमिनियम. १९०१ साली ती विजयी नौका मोडीत निघाली. हा धडा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

सामान्य माणसाच्या अंगणात ॲल्युमिनियमची नौका पोहोचण्यास त्यानंतर अर्धशतक जावे लागले, आणि तिला वाट करून दिली ती दुसऱ्या महायुद्धाने. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील बेथपेज येथे ग्रुमन ही विमाने बांधणारी कंपनी होती. तिने 'हेलकॅट' या एकाच जातीची बारा हजारांहून अधिक लढाऊ विमाने युद्धात पुरवली. या कंपनीतील एक वरिष्ठ अधिकारी, विल्यम हॉफमन, १९४४ साली ॲडिरॉन्डॅक पर्वतराजीत सुटीवर गेले असताना लाकूड आणि किंतानाची जड होडी एका सरोवराकडून दुसऱ्याकडे खांद्यावर वाहताना दमले. विमानाच्या पत्र्यातून हलकी होडी का होऊ नये, हा विचार त्यांना तेथे सुचला. पहिली तेरा फुटी होडी भरली अवघी अडतीस पौंड, म्हणजे सुमारे सतरा किलो. १९४५ साली युद्ध संपले, विमानांच्या मागण्या रद्द झाल्या, आणि त्याच वर्षी होड्यांचे उत्पादन सुरू झाले. १९५२ मध्ये हे काम बेथपेजहून न्यूयॉर्क राज्यातीलच मॅरेथॉन या गावी हलवण्यात आले. आज ग्रुमनच्या एखाद्या होडीवरील फलकावर 'बेथपेज' वाचायला मिळाले, की जाणकारांचे डोळे चमकतात ते याच कारणाने : ती पहिल्या काही वर्षांतील असण्याची शक्यता वाढते.

याच सुमारास इतरही अनेक जण या धंद्यात उतरले, आणि ते कोठून आले हे पाहणे व्यापारी घरांतील वाचकांना रंजक वाटेल. मिनियापोलिस येथील शोभेच्या लोखंडी जाळ्या व कठडे घडवणाऱ्या 'फ्लावर सिटी ऑर्नमेंटल आयर्न' या कारखान्यातून 'अलुमाक्राफ्ट' निघाली. इंडियाना राज्यातील गोशेन येथे १९०३ पासून शेतीसाठी टाक्या बनवणाऱ्या 'स्टार टँक'चे नाव पुढे 'स्टारक्राफ्ट' झाले. विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक येथील 'मिरो' ही तर स्वयंपाकाची भांडी करणारी पेढी. तिच्या नौका 'मिरोक्राफ्ट' या नावाने विकल्या गेल्या. मिनेसोटात 'लंड' आणि 'क्रेस्टलायनर', टेक्सासमध्ये 'लोन स्टार', आर्कान्सामध्ये 'आर्कान्सा ट्रॅव्हलर', जॉर्जियात 'फेदर क्राफ्ट'. पत्रा वाकवण्याची कला ज्यांच्या हाती होती, त्यांनी तिला नवे गिऱ्हाईक शोधले, एवढाच याचा अर्थ. पण त्यामुळे झाले असे, की प्रत्येकाची क्रमांक घालण्याची पद्धत वेगळी, नमुन्यांची नावे वेगळी आणि दप्तरे ठेवण्याची शिस्तही वेगळी. पुढे पेढ्या बंद पडल्या, विकल्या गेल्या, एकमेकींत विलीन झाल्या; लंड आणि क्रेस्टलायनर या एकेकाळच्या प्रतिस्पर्धी २००४ साली ब्रन्सविक या एकाच कंपनीच्या छत्राखाली आल्या. अशा स्थलांतरांत जुन्या नोंदवह्यांचे काय होते, हे दुकानांच्या वाटण्या पाहिलेल्यांना सांगायला नको.

बारा अक्षरे

पारखीची पहिली पायरी म्हणजे नौकेच्या पिछाडीवर, उजव्या हाताला, वरच्या काठाजवळ नजर टाकणे. येथे उजवा हात म्हणजे नौकेत पुढे तोंड करून बसलेल्या माणसाचा. मागे उभे राहून पाहतानाही बाजू तीच राहते. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक नौकेवर 'हल आयडेंटिफिकेशन नंबर' घालणे बंधनकारक झाले. अक्षरे आणि आकडे मिळून त्याची बारा स्थाने असतात. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची सांकेतिक खूण, पुढील पाच स्थाने त्या नौकेचा अनुक्रमांक आणि शेवटची चार स्थाने काळाची.

शेवटच्या चारांतच वाचणारे फसतात, कारण १९८४ पर्यंत दोन रीती शेजारी शेजारी चालत होत्या. पहिली सरळ : 'शून्य पाच सात पाच' म्हणजे १९७५ सालचा मे महिना. दुसरी 'एम' या अक्षराने सुरू होते, त्यानंतर वर्षाचे दोन आकडे आणि मग महिन्याचे अक्षर येते. यात वर्ष आहे ते कारखान्याचे 'मॉडेल वर्ष', आणि ते ऑगस्टपासून सुरू होते. म्हणून 'ए' हे अक्षर जानेवारीचे नसून ऑगस्टचे. 'एम ७५ डी' असे कोरलेले असेल, तर ती नौका १९७५ च्या हंगामासाठी नोव्हेंबर १९७४ मध्ये तयार झाली. दिवाळीपासून नवे खाते उघडणाऱ्या घरांना हे समजायला वेळ लागू नये : पंचांगाचे वर्ष वेगळे आणि चोपडीचे वर्ष वेगळे.

१ ऑगस्ट १९८४ पासून एकच रीत ठरली. महिन्याचे अक्षर आता जानेवारीपासून मोजायचे, त्यापुढे प्रत्यक्ष बांधणीच्या वर्षाचा शेवटचा आकडा, आणि अखेरीस मॉडेल वर्षाचे दोन आकडे. 'के ४८५' म्हणजे नोव्हेंबर १९८४ मध्ये बांधलेली, १९८५ च्या हंगामाची नौका. याच वेळेपासून हाच क्रमांक नौकेत आणखी एका झाकलेल्या जागी घालण्याचाही नियम आला, म्हणजे वरची पट्टी खरवडून काढली तरी चोरी उघडकीस यावी.

येथे एक सापळा आहे. क्रमांकाची पहिली दोन अक्षरे राज्याच्या नावाची आणि तिसरे 'झेड' असेल, तर तो कारखान्याने घातलेला क्रमांक नव्हे. घरी बांधलेल्या किंवा क्रमांक नसलेल्या जुन्या नौकेला राज्य सरकार नोंदणीच्या वेळी जो क्रमांक देते, तो असा दिसतो. त्यातून निर्माता कळत नाही आणि त्यातले वर्षही बांधणीचे असेलच असे नाही. दत्तकपत्रावरची तारीख ही जन्मतारीख नसते.

आणि बारा स्थानांचा क्रमांक मुळातच नसेल तर? तेही एक उत्तर आहे. कारखान्यात बांधलेली नौका, जिच्यावर असा क्रमांक कधीच नव्हता, ती बहुधा नोव्हेंबर १९७२ पूर्वीची. मात्र 'कधीच नव्हता' आणि 'आता दिसत नाही' यांत अंतर आहे. रंगाच्या चार थरांखाली क्रमांक दबलेला असू शकतो. अंधारात विजेरी तिरपी धरली, की बुजलेले कोरीव आकडे सावलीने उठून दिसतात; त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली, तर ठसा कागदावर उतरतो. रंग काढायचाच झाला, तर कॉस्टिक सोड्यापासून दूर राहावे. सोड्याने ॲल्युमिनियमची भांडी काळवंडतात हे घरोघरी ठाऊक आहे; तीव्र कॉस्टिक सोडा पत्राच खाऊन टाकतो आणि ज्याचा शोध चालला आहे तो आकडाही त्याबरोबर जातो.

पत्ता, पेटंट आणि पत्र्यावरची शाई

१९७२ पूर्वीच्या नौकेवर सहसा एक छोटा धातूचा फलक असतो : पुढच्या टोकाशी, पिछाडीच्या आतल्या बाजूस किंवा बैठकीच्या कडेला. त्यावरचा अनुक्रमांक हा त्या त्या कारखान्याचा खासगी हिशेब. किल्ली हाती नसेल तर त्यातून काही निघत नाही. नवखे लोक याच क्रमांकाशी तासन्‌तास झुंजत बसतात आणि त्याच फलकावर उघड छापलेल्या गोष्टींकडे त्यांचे लक्षही जात नाही.

पत्ता पाहावा. अमेरिकेतील मोठ्या शहरांत १९४३ पासून टपाल विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक शहराच्या नावापुढे लिहीत असत. १ जुलै १९६३ रोजी पाच आकडी 'झिप' क्रमांक आला. शहराच्या नावानंतर नुसता '१३' असेल तर फलक त्या वीस वर्षांतला. पाच आकडे असतील तर त्यानंतरचा. जुने छापून ठेवलेले फलक संपेपर्यंत वापरले जातात, म्हणून एखाद-दोन वर्षे पुढे सोडावीत. ही युक्ती परकी वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या पेढ्यांची जुनी पत्रे ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी 'मुंबई २' असे शीर्षक पाहिलेच असेल. पुढे त्याचे '४०० ००२' झाले. आपला पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून. तारीख नसलेली पावती त्या तारखेच्या अलीकडची की पलीकडची, हे केवळ पत्त्यावरून सांगता येते.

त्यानंतर पेटंटचा क्रमांक. अमेरिकी पेटंटांचे क्रमांक सलग चालतात. वीस लाखावे पेटंट १९३५ साली दिले गेले, तीस लाखावे १९६१ साली आणि चाळीस लाखावे १९७६ च्या डिसेंबरात. फलकावर अठ्ठावीस लाखांच्या पुढचा क्रमांक असेल, तर नौका १९५७ च्या उत्तरार्धापूर्वीची असूच शकत नाही, कारण तो आकडा तेव्हा अस्तित्वात नव्हता. मात्र हा पुरावा एकतर्फी आहे. पेटंट मिळाल्यावर पंधरा वर्षांनीही कारखाना तोच क्रमांक छापीत राहू शकतो. 'याच्या आधीची नाही' एवढेच तो सांगतो. 'याच्या नंतरची नाही' हे सांगणारा साक्षीदार वेगळा शोधावा लागतो.

सर्वांत सुंदर साक्ष कधी कधी बैठकीखाली, जेथे ऊन आणि पाणी फारसे पोहोचत नाही तेथे, सापडते. पत्रा लाटणाऱ्या गिरणीने त्यावर शाईने मिश्रधातूचे नाव छापलेले असते आणि ते आश्चर्यकारकरीत्या टिकते. नौकेचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो; घरातील 'हिंडालियम'ची भांडीही नसतात. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलेली एक जात, केवळ मॅग्नेशियम घातलेली दुसरी, आणि विमानांसाठी तांबे घातलेली तिसरी, जी मजबूत खरी पण खाऱ्या पाण्यात लवकर खंगते. या जातींची जुनी नावे '६१ एस', '५२ एस', '२४ एस' अशी होती. १९५४ साली अमेरिकेतील ॲल्युमिनियम उद्योगाने चार आकडी नावे स्वीकारली आणि त्याच जाती अनुक्रमे '६०६१', '५०५२' आणि '२०२४' झाल्या. एवढ्या एका शिक्क्यावरून पत्रा १९५४ च्या कोणत्या बाजूचा, हे बहुतांशी ठरते. गोदामात पडून राहिलेल्या पत्र्यासाठी थोडी सवलत द्यावी, इतकेच.

जोडकामही बोलते. पत्र्याच्या कडा रिव्हेटने जोडलेल्या असतील तर त्यातून फार काही निष्पन्न होत नाही. ती पद्धत आजही चालू आहे. पण लांबच लांब सांधे कारखान्यातच वितळजोड केलेले असतील, तर ती नौका युद्धापूर्वीची नव्हे. ॲल्युमिनियम वितळवून जोडण्याची विश्वासार्ह रीत नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केली. वेगाने काम करणारी दुसरी रीत १९४८ मध्ये आली. पिछाडीला दोन्ही बाजूंनी मोटारीसारखे पंख फुटलेले दिसले, तर ते पन्नासच्या दशकाच्या अखेरचे आणि साठच्या आरंभीचे वेड. डेट्रॉइटच्या मोटारींना पंख होते, म्हणून नौकांनाही हवे झाले. पाण्यात त्यांचा उपयोग शून्य.

वजनक्षमतेचा फलकही कालदर्शक आहे. सरकारने तो वीस फुटांखालील बहुतेक मोटरनौकांना नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीचा केला. होड्यांना, शिडाच्या नौकांना तो लागू नाही. त्याआधी व्यवसायातील संघटना स्वेच्छेने असे फलक देत : प्रथम 'आउटबोर्ड बोटिंग क्लब ऑफ अमेरिका', नंतर 'बोटिंग इंडस्ट्री असोसिएशन'. फलकावर 'नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन' असेल, तर ती संस्थाच १९७९ ची असल्यामुळे नौका त्याआधीची ठरत नाही.

खोटी साक्ष देणारे

सर्वांत जास्त दिशाभूल करते ते इंजिन. आउटबोर्ड इंजिन चार स्क्रू सैल करून उतरवता येते आणि दर पंधरा-वीस वर्षांनी बदलले जाते. विक्रेता मात्र इंजिनाचे वर्ष नौकेचे म्हणून सांगतो, तेही प्रामाणिकपणे. इंजिनाचे वय काढणे त्यामानाने सोपे आहे. जॉन्सन आणि एव्हिनरूड या इंजिनांच्या कंपनीने १९८० पासून वर्ष लिहिण्यासाठी 'इंट्रोड्यूसेस' हा दहा अक्षरी इंग्रजी शब्द वापरला : आय म्हणजे १, एन म्हणजे २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि शेवटचा एस शून्य. नमुना क्रमांकाच्या शेवटी 'सी यू' असेल तर १९८७. कापडाच्या थानावर किंवा दागिन्याच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत अशाच सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची रीत व्यापारी घरांत नवी नाही; अमेरिकेतील कारखानदाराने तीच विद्या वर्षासाठी वापरली. इंजिनाचे वय निघाले तरी नौकेबाबत त्यातून काहीही सिद्ध होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. ट्रेलरचे तसेच. त्याची नोंदणी स्वतंत्र असते आणि तो बहुधा दुसऱ्याच नौकेसाठी घेतलेला असतो.

नावही फसवते. माँटगोमेरी वॉर्ड आणि सिअर्स ही टपालाने माल पाठवणारी प्रचंड दुकाने नौका विकत, पहिले 'सी किंग' आणि दुसरे 'एल्जिन' या नावाने. दुकानांनी त्या स्वतः बांधल्या नव्हत्या. कारखानदाराकडून घेऊन आपला शिक्का मारला होता. एकाच गिरणीचे धोतर दोन पेढ्यांच्या छापाने विकले जावे, तसा प्रकार. त्यामुळे शिक्क्यावरून निर्माता शोधणारा अडतो. त्याने तेव्हा मोजपट्टी हाती घ्यावी. पुढच्या टोकापासून पिछाडीपर्यंत सरळ रेषेतील लांबी, सर्वांत रुंद जागची रुंदी, पिछाडीची रुंदी आणि उंची, आतील फासळ्यांची संख्या, बैठकींची संख्या आणि त्यांची ठेवण. पिछाडीची उंची सुमारे पंधरा इंच असेल तर आखूड दांड्याचे इंजिन, वीस इंच असेल तर लांब दांड्याचे. ही मापे जुन्या विक्रीपत्रकांतील आकड्यांशी ताडून पाहिली, की नमुन्याचे नाव पुष्कळदा सापडते. कारण शिक्का बदलता येतो, साचा सहजासहजी बदलत नाही. १९६५ साली स्थापन झालेल्या 'अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब'सारख्या मंडळांतील हौशी लोकांनी अशी पत्रके वर्षानुवर्षे जपली आहेत. त्यांना पाठवायचे छायाचित्र कसे असावे, याचेही तारतम्य हवे : नवा रंग दिलेल्या नौकेच्या देखण्या चित्रापेक्षा बैठकीखालच्या सांध्याचे एक अस्वच्छ चित्र त्यांना अधिक सांगून जाते.

एका नौकेचा हिशेब

हे सारे एकत्र कसे बसते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद नौका. पिछाडीवर बारा स्थानांचा क्रमांक नाही आणि तो खरवडल्याची खूणही नाही : म्हणजे बहुधा १९७२ पूर्वीची. बैठकीखाली '५०५२' अशी फिकट शाई : १९५४ किंवा नंतरची. फलकावर अठ्ठावीस लाखांच्या पुढचे पेटंट : १९५७ किंवा नंतरची. त्याच फलकावर शहरापुढे दोन आकडी टपाल विभाग : १९६३ पर्यंतची, फार तर एखाद-दोन वर्षे पुढची. मागे लटकवलेले इंजिन १९८७ चे. ते बाजूला ठेवावे. उत्तर मिळते १९५७ ते १९६५. विक्रेत्याचे 'पन्नासच्या दशकातली' हे खोटे नव्हते, पण निम्म्याहून अधिक शक्यता साठच्या दशकाच्या बाजूला पडल्या. यापुढे एका वर्षावर बोट ठेवायचे तर विक्रीपत्रकच हवे. ते मिळेपर्यंत जाणकार विक्रीच्या कागदावर एक वर्ष ठोकून लिहीत नाहीत. 'अंदाजे' हा शब्द आणि दोन टोके लिहितात, आणि कोणत्या खुणांवरून ती काढली तेही.

वय निघाले, की त्याचा पहिला उपयोग भावासाठी करण्याचा मोह होतो. त्याआधी पिछाडी ठोकून पाहावी. साठ वर्षांपूर्वीच्या नौकेत इंजिन पेलणारी पिछाडी म्हणजे दोन पत्र्यांमधली लाकडाची फळी. पत्रा चकचकीत असताना आतले लाकूड भुसा झालेले असते. नवी फळी घालताना वाळवी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेले लाकूड काही जण वापरतात आणि 'डिफेंडर'ची कथा नकळत पुन्हा घडते : तांबे ॲल्युमिनियमला खाते. तळाशी विसरलेले एखादे तांब्याचे नाणेसुद्धा ओलाव्यात पत्र्याला भोक पाडू शकते. सैल रिव्हेट शोधायचे तर नौका ट्रेलरवर नीट टेकवून आत थोडे पाणी ओतावे आणि खालून जेथे थेंब येतील तेथे खडूने खूण करावी. बैठकीतील फोम काढून हाती तोलावा. पाणी प्यायलेला फोम नौकेला तारत नाही, उलट बुडवतो. सत्तरच्या दशकात तरंगक्षमतेचे सरकारी नियम आले; आपल्या उदाहरणातील नौका त्याआधीची आहे, तेव्हा पाण्याने भरल्यावर ती माणसांसह वर राहील असे गृहीत धरता येत नाही.

आणि माणसे किती? वजनक्षमतेचा फलक हरवलेल्या वीस फुटांखालील साध्या नौकेसाठी अमेरिकी तटरक्षक दलाचा ठोकताळा असा : फुटांतील लांबीला रुंदीने गुणावे आणि पंधराने भागावे. चौदा गुणिले पाच सत्तर, भागिले पंधरा, साडेचारांच्या थोडे वर. शांत पाण्यात, सरासरी दीडशे पौंडांची माणसे धरून. विक्रेत्याच्या आठवणीत त्या नौकेतून सहा जण जात असत. कागदावर चार लिहावे.